भिंगाची कंबर

आंघोळ करताना भिंगाच्या हाताला गाठ लागली आणि त्या क्षणापासून ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं तो वागू लागला.

भिंग हे त्याचं कारखान्यातलं नाव. पितळी नळ बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. ओतीव तोटीवर नुसता अंगठा फिरवला की आत बुडबुडा कुठे अडकलाय ते तो सांगे, आणि मग ती ओतणाऱ्या कारागिराची चारचौघांत सालटी काढी. "डोळे घरी ठेवून आलास का रे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. अशा माणसाला स्वतःच्या उजव्या वृषणात वाटाण्याएवढी टणक गाठ लागली, तेव्हा त्याने निदान काय केलं? दुखत नाही, म्हणजे काही नाही. तोटीतला बुडबुडाही कधी दुखल्याचं ऐकिवात नव्हतं, पण हा विचार त्या चौतीस वर्षांच्या डोक्याला शिवला नाही.

दोन महिन्यांत वाटाण्याची सुपारी झाली आणि न्हाणीघरातला मुक्काम वाढला. एका सकाळी बायकोने दार बडवलं.

"अहो, पाऊण तास झाला! आत करताय काय?"

"कंबर धरलीय!" भिंग ओरडला.

झालं. संध्याकाळपर्यंत कमरेचा पट्टा घेऊन सासरे हजर. ते शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून कवायतीसाठी माणूस शोधत होते. पट्टा बांधून भिंग कारखान्यात गेला, तर मॅनेजरने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "तपासनिसाची कंबर ही संस्थेची कंबर आहे! आजच हाडांच्या डॉक्टरकडे जा." सासरे सोबत गेले. थेट तपासणीच्या खोलीत.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मणके तर उत्तम आहेत. नेमकं कुठे दुखतं?"

भिंगाने सासऱ्यांकडे चोरून पाहिलं. "दुखत नाही. पण... जरा खाली."

"माकडहाड?"

"अजून खाली. आणि थोडं पुढे."

"गुडघा!" सासरे गरजले. "मला वाटलंच होतं!"

"हो," भिंग पडेल आवाजात म्हणाला, "गुडघाच."

एवढा मोठा बाप्या, पण जीव गेला तरी चालेल, तो शब्द तोंडातून निघता कामा नये, असा त्याचा बाणा होता. याला तो मर्दपणा समजत असे.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांच्या शिट्टीवर बैठका सुरू झाल्या. बायको रोज दोन्ही गुडघ्यांना मलम चोळी. चौथ्या दिवशी विसाव्या बैठकीला भिंगाच्या जांघेत जडसर कळ आली आणि तो खुर्चीत कोसळला. चेहरा पांढराफटक. बायकोने वडिलांना वर्तमानपत्र आणायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

"आता खरं सांगा. पाऊण-पाऊण तास न्हाणीघरात, जेवणात लक्ष नाही. बाहेर कोणाशी गाठ पडलीय?"

"गाठ आहे," भिंग म्हणाला. "पण बाहेर नाही."

मग त्याने सांगितलं. बायको आधी घाबरली, मग भडकली. "आणि मी चार दिवस गुडघे चोळतेय? उठा! कपडे करा!"

इस्पितळात शस्त्रक्रियेच्या डॉक्टर होत्या पन्नाशीच्या बाई. भिंगाने घसा साफ केला. "पुरुष डॉक्टर नाहीत का?"

"आहेत. रजेवर आहेत. कंबर दुखतेय म्हणे त्यांची," बाई म्हणाल्या. "झोपा."

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "वृषणाचा कॅन्सर असावा. हा बहुतेक तरण्याताठ्या माणसांना होतो. गाठ सहसा दुखत नाही, म्हणून शहाणे लोक गप्प बसतात. ते वृषण काढावं लागेल. लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात."

"पण मग मी... म्हणजे पुरुष म्हणून..."

"एकावर सगळं चालतं. दोन महिने बिनडोक चाललंच होतं ना?"

आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली. अहवालाची वाट पाहताना बायकोने एकच शर्ट तीनदा इस्त्री केला आणि भिंगाने एकदाही तिची चूक काढली नाही. अहवाल आला : कॅन्सरच होता, पण पसरला नव्हता. नियमित तपासण्या करायच्या, बस्स. ते ऐकून सासरे खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उगाचच नाक शिंकरत राहिले.

कामावर रुजू झाला त्या दिवशी मॅनेजरने स्वागतसभा ठेवली. "जड वस्तू उचलताना सांभाळा, नाहीतर अशी वेळ येते!" टाळ्या पडल्या. भिंगाला नुसतं मान हलवून खाली बसता आलं असतं. त्याने समोर पाहिलं : पंचविशी-तिशीतले चाळीस कारागीर.

"कमरेला काही झालं नव्हतं," तो म्हणाला, आणि काय झालं होतं ते त्या शब्दासकट सांगितलं. गाठ कशी लागते, कशी दुखत नाही, आणि आपण किती मूर्खपणा केला तेही.

मॅनेजर छताकडे बघत म्हणाले, "चहा घ्या सगळ्यांनी."

दिवसभर कुणी भिंगाच्या नजरेला नजर दिली नाही. सुट्टीच्या वेळी मात्र भट्टीवरचा पहिलवान त्याच्या खोलीत आला आणि दार लोटून उभा राहिला.

"एका मित्राचं विचारायचं होतं. त्याला तसंच काहीतरी लागतंय हाताला."

"मित्राला घेऊन ये."

"तो लाजतो."

"मग त्याला सांग, उद्या सकाळी नऊला इस्पितळात ये. मी सोबत असेन."

त्यानंतर पॉलिशवाला आला. त्याचाही एक मित्र होता. मग गोदामवाला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता भिंग पोचला, तर डॉक्टरबाईंच्या दाराबाहेर पहिलवान, पॉलिशवाला आणि गोदामवाला एकमेकांकडे पाठ करून, भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता डोळ्यांत तेल घालून वाचत होते. कोपऱ्यात वर्तमानपत्राआड चौथा कुणीतरी बसला होता. बूट मॅनेजरचे होते.

"साहेब, तुम्ही?" भिंगाने विचारलं.

"मित्रासाठी," वर्तमानपत्र म्हणालं.

दार उघडून बाईंनी चौघांवरून नजर फिरवली.

"चला," त्या म्हणाल्या, "पहिला मित्र कोण?"