बदामाची उंची

रस्त्यात फोन धरून झाडासमोर उभं राहायची लाज वाटली, म्हणून उद्यान खात्यातल्या कारकुनाने नव्या प्रोग्रॅमचा सराव घरच्या बदामावरच करायचं ठरवलं. (लाज त्याला बऱ्याच गोष्टींची वाटायची, पण नेमकी चुकीच्या वेळी.)

प्रोग्रॅम सोपा होता. झाडाशेजारी माणूस उभा करायचा, फोटो काढायचा आणि माणसाची उंची भरायची. मग प्रोग्रॅम फोटोतलं आभाळ बाजूला काढून झाडाचे ठिपके मोजायचा, उंची सांगायचा, झाड हिरवं की वाळलेलं तेही सांगायचा.

कारकुनाने बायकोला उभं केलं. ती घरीच शिवणकाम करायची. खिडकीतलं तिचं मशीन वीस वर्षं त्या बदामाच्या सावलीत चालत होतं. टेप आणू का, असं तिने विचारलं. तो हसला. तिची उंची त्याला पाठ होती: पाच फूट तीन इंच. लग्न ठरताना कागदावर तसं लिहून आलं होतं.

झाड एक्केचाळीस फूट भरलं. माहिती जपून ठेवायला म्हणून त्याने बटण दाबलं आणि ती थेट खात्यात गेली. घराला खेटलेलं, चाळीस फुटांपेक्षा उंच झाड धोक्याचं, असा खात्याचा नियम. चौथ्या दिवशी दारावर तोडणीची नोटीस लागली.

"माझी उंची किती धरलीत?" बायकोने विचारलं.

"पाच तीन."

"पाच फूट आहे मी. तीन इंच बाबांनी वाढवून लिहिले होते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला विचारायचं तरी."

त्याने नव्याने हिशेब केला. एकोणचाळीस.

तो धावत साहेबांकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आकडा दुरुस्त करता येईल, पण त्यासाठी मोजणाऱ्याचा दाखला लागेल, आणि ज्याचं पहिलं माप चुकलं त्याचं दुसरं कसं मानायचं, असं ते म्हणाले. कारकुनाला ते पटलं. (त्याने मानही डोलावली. ती गोष्ट त्याने घरी सांगितली नाही.)

बदाम पडला. तोडणारी माणसं चहाला गेली तेव्हा बायको शिवणाची टेप घेऊन बाहेर आली आणि गुडघ्यांवर सरकत, पाच-पाच फूट करत, शेंड्यापर्यंत गेली. एकोणचाळीस फूट भरले. टेप गुंडाळून ती आत गेली. खिडकीला तिने जुनी चादर लावली. पुढचा महिनाभर 'जेवण वाढलंय' यापलीकडे ती त्याच्याशी बोलली नाही.

मग खात्याकडून एक रोप आलं, सोबत फोटो पाठवायचा हुकूम. कारकुनाने ते लावलं, स्वतःची खरी उंची भरली आणि शेजारी ताठ उभा राहिला. बायकोने फोटो काढला.

वीतभर रोप प्रोग्रॅमला दिसलंच नाही. त्याने कारकुनाभोवतीच हिरवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: अवस्था वाळलेली. वाढीची शक्यता नाही. काढून टाकावे.

बायकोने ते दोनदा वाचलं.

"या वेळी काही चूक दिसत नाही," ती म्हणाली, आणि रोपाला पाणी आणायला गेली.