घड्याळजींनी कोकोची ओळ साफ केली

“केस! नुसता केस अडकला असला तरी मला दिसतो!” असं घड्याळजी येईल त्याला ऐकवत. बढाई होती, पण खोटी नव्हती. उजव्या डोळ्यावर भिंग चढवलं आणि हातात चिमटा धरला की हा माणूस मोहरीएवढं चाक असं उचलायचा की चाकाला पत्ता लागू नये. अडचण एकच होती. ज्याला घड्याळ कळतं त्याला जगातलं बाकी सगळं आपोआप कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

दुकानाच्या मागे कोकोची बाग होती. बाग सासरेबुवांची, राबणं त्यांच्या मुलीचं, म्हणजे घड्याळजींच्या बायकोचं. यंदा शेंगांवर पिठ्या ढेकूण पडला होता. हा पांढरा किडा पिठात लोळून आल्यासारखा दिसतो. शेंगेच्या देठाशी ठाण मांडून रस पितो आणि अंगातून गोड चिकटा सोडतो. तो चिकटा चाटायला मुंग्या येतात आणि खाल्ल्या मिठाला जागून पिठ्याची राखण करतात. कोणी त्याच्या वाटेला गेलं की मुंग्या तुटून पडतात. पिठ्याला स्वतःला काही करावं लागत नाही.

सासरेबुवांचा उपाय सोपा होता. फवारणी! बायकोचा उपाय वेगळा. पिठ्याला खाणारे भुंगेरे तिने पाळले होते. काळे, नारिंगी डोक्याचे, मसुरीएवढे. तीन वर्षं मागच्या खोलीत लाल भोपळ्यांवर आधी पिठ्या वाढवायचा, मग त्यावर भुंगेरे पोसायचे. खोलीत भोपळे फळीवर ओळीने मांडलेले, प्रत्येकावर तारीख. घड्याळजींची जेवायची वेळ चुकली असेल, भोपळ्यांची कधी चुकली नाही. महिन्यापूर्वी तिने ते भुंगेरे झाडांवर सोडले आणि मुंग्या वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खोडाला चिकट पट्टी बांधली.

“किड्यांना किडे खाणार? आणि आपण काय, टाळ्या वाजवायच्या?” सासरेबुवा म्हणाले. “रविवारी येतो. घराजवळच्या ओळीत किडे वळवळताना दिसले, तर त्याच क्षणी पंप!”

पंप म्हणजे फवारणी. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे त्यातूनही तो बराचसा वाचला असता. भुंगेरे मात्र एकूण एक गेले असते. तीन वर्षं पाण्यात! त्या आठवड्यात बायको धड जेवली नव्हती, आणि ते बघून घड्याळजींचा जीव तुटत होता. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, कारण न बोलणारा नवरा काहीतरी करून दाखवायला जातो.

शुक्रवारी बायको पलीकडच्या गावातल्या बायकांना भोपळ्यांची विद्या शिकवायला निघाली.

“अहो, बागेत काही करू नका.”

“अगं, मी काय करणार?”

“तेच सांगतेय. काही करू नका!”

ती वळणाआड गेली आणि घड्याळजी शिडी घेऊन बागेत!

पहिल्याच झाडाला त्यांनी शिडी टेकवली, भिंग चढवलं आणि हबकलेच. एवढे मोठे पिठ्ये! परवापर्यंत तिळाएवढे होते, आज चांगले लांबलचक, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या सोडलेले. शिवाय पळतही होते! भुंगेरा मात्र एखाददुसराच दिसत होता.

“म्हणजे हिचे भुंगेरे हरले,” घड्याळजी स्वतःशी म्हणाले. “बिचारीला कळलंसुद्धा नाही!”

मग त्यांनी जे काम केलं, त्याला खरोखर तोड नव्हती. एकेका झिपऱ्याला चिमट्यात धरायचं, पाय न दुखावता उचलायचं, बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं. चिरडायचं नाही, कारण चिरडणं हे कारागिराचं काम नव्हे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घराजवळची अख्खी ओळ त्यांनी निवडली. मोजून तीनशे बारा! बारीक पिठ्ये होते, ते तसेच राहू दिले. म्हटलं, ही लेकरं, यांना उद्या बघू. शिडी शेवटच्या झाडाला टेकवून ठेवली आणि पाठीला हात लावत ते घरी आले. दिवसभरात त्यांना एकही मुंगी चावली नव्हती. हे आपल्या सज्जनपणाचं फळ आहे असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी बायको आली, पिशवी न ठेवताच बागेत गेली आणि तशीच परत आली.

“अहो, माझी पोरं कुठायत?”

“कसली पोरं?”

“भुंगेऱ्यांची! ओळभर पिल्लं होती. पांढरी, झिपरी...”

घड्याळजींच्या हातात डबा होता. तो अभिमानाने पुढे करायचा म्हणून त्यांनी पुसूनही घेतला होता. आता तो पाठीमागे लपवायला उशीर झाला होता.

“ही... पिल्लं?” ते म्हणाले. “पण ही हुबेहूब पिठ्यासारखी दिसतात!”

“दिसणारच! तसला वेश घेऊन शत्रूच्या घरात शिरतात. म्हणून तर मुंग्या पटकन ओळखत नाहीत. मुंग्या फसतात, ते ठीक. तुम्ही माणूस ना?”

“पण ओळखायचं कसं?”

“पिठ्या बसून खातो. जो धावतोय, तो कामावर निघालाय!”

घड्याळजींनी मान खाली घातली. दिवसभर त्यांनी धावणारेच उचलले होते.

“आणि शिडी कधीपासून टेकवलीय?”

“सकाळपासून... दर झाडाला थोडी थोडी.”

“खालच्या मुंग्या चिकट पट्टी ओलांडू शकत नव्हत्या. तुम्ही त्यांना जिना दिलात!”

मुंग्या त्यांना का चावल्या नव्हत्या, हे आता कळलं. त्यांनी राखणदारांचे शत्रू उचलून नेले होते, वर चढायची सोयही करून दिली होती. एवढा उपकार घरच्या माणसानेही केला नसता.

बायकोने डबा उघडला. तीनशे बारातले दोनशे ऐंशी उरले होते. बाकीचे भावंडांनी खाल्ले होते, कारण खायला दुसरं काही नव्हतं. उरलेले मात्र गुटगुटीत आणि ठणठणीत! एकाचाही पाय मोडलेला नव्हता. बायकोने ते बराच वेळ पाहिलं. रागावायचं ठरवूनही तिला रागावता येईना.

“हात मात्र तुमचा सोन्याचा आहे,” ती म्हणाली. “आता याच हाताने सगळी परत लावा.”

शनिवारी उजाडताच शिडी हटवली, पट्ट्या नव्या बांधल्या, मुंग्या झटकल्या. घड्याळजी स्टुलावर बसून एकेक पिल्लू शेंगेवर ठेवू लागले. एकशे चाळीस झाली, दीडशे झाली. एवढ्यात मागून आवाज आला.

“जावईबापू! हे काय चाललंय?”

सासरेबुवा! एक दिवस आधी! सोबत फवारणीवाला, पाठीवर पंप भरून तयार.

“बाबा, मी... किडे लावतोय.”

“लावताय?”

“हो. म्हणजे काल काढले होते. आज परत लावतोय.”

सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग आभाळाकडे. “तरी मी म्हणत होतो,” ते फवारणीवाल्याला म्हणाले, “उन्हात बसायची सवय नाही त्यांना. सुरू कर रे!”

फवारणीवाल्याने नळी हातात घेतली. बायको धावत आली आणि शेंगेपुढे उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तीन वर्षांत घड्याळजींनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, जे ते ग्राहकालाही हात लावू देत नसत, आणि सासरेबुवांच्या हातात ठेवलं.

“बाबा, चूक माझी, कीड समजून मी हिची पिल्लं उचलली. फवारा मारायचाच तर माझ्यावर मारा. पण आधी एकदा बघा.”

सासरेबुवांनी कुरकुरत भिंग लावलं आणि शेंगेवर वाकले. एक पिल्लू झिपऱ्या हलवत निघालं, पिठ्यापाशी पोचलं आणि त्याला थेट पोटाशी धरलं.

“अरे... खातंय!” सासरेबुवा म्हणाले. “संपवला! दुसऱ्याकडे निघालं! इकडे तिकडे बघतसुद्धा नाही!”

“मला बघू द्या ना,” फवारणीवाला म्हणाला.

“थांब रे! तिसरा धरलाय!”

अर्ध्या तासाने फवारणीवाला पंप उतरवून दुसऱ्या शेंगेशी बसला होता आणि साध्या डोळ्यांनी मोजत होता. सासरेबुवांची कंबर धरली होती, पण भिंग सुटत नव्हतं. मुलीला ते नुसतं एवढंच म्हणाले, “हे सगळं तू भोपळ्यावर वाढवलंस?” आणि आवाज जरा ओला झाला. तिने मान हलवली. मग त्यांनी फवारणीवाल्याला सांगितलं, “पंप घरी ने. या बागेत पुन्हा आणू नकोस.”

बायको रडता रडता हसली. घड्याळजींनी हळूच सुस्कारा सोडला आणि उरलेल्या पिल्लांचा डबा पुढे ओढला.

सासरेबुवा अजून शेंगेवर वाकलेलेच होते. “काय जीव आहे!” ते कौतुकाने म्हणाले. “समोर येईल ते खातो, दिवसभर काम करतो, एका शब्दाने बढाई मारत नाही. असा जावई मिळायला हवा होता!”

घड्याळजींनी पुढचं पिल्लू अलगद चिमट्यात उचललं आणि मान डोलावली. त्यांचंही मत तेच झालं होतं.