भाकरीच्या आधीचा शब्द

कुठलाही शब्द जन्मतः कठीण नसतो. त्याला कठीण करावं लागतं, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नाही. त्याला समिती लागते.

आमच्या गावाला अशी समिती लाभली, हे आमचं भाग्य. गाव जॉर्डनच्या पठारावर आहे. चर्च एक, दवाखाना अर्धा (डॉक्टर बुधवारपर्यंतच असतो). आमच्या प्रार्थनेत "आमची अमुक भाकर आज आम्हाला दे" असं एक वाक्य आहे. त्या अमुकच्या जागी अरबीतला एक जुना, वजनदार शब्द होता. त्याचा अर्थ कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांना कळत होता.

मग आमचे केमिस्ट उस्ताद नकूला रिटायर झाले. (शिकलेल्या माणसाला आम्ही उस्ताद म्हणतो, मग तो काहीही शिकलेला असो.) तरुणपणी ते औषधांचं शिकायला ग्रीसला होते, त्यामुळे ग्रीक येतं. दुकान मुलाच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी मूळ ग्रीक बायबल उघडलं आणि शोध लावला, की भाकरीच्या आधीचा तो शब्द, 'एपिऊसिओस', या प्रार्थनेशिवाय ग्रीकमध्ये दुसरीकडे धड सापडतच नाही. ना बाजारात, ना पत्रात, ना भांडणात. म्हणजे त्याचा नक्की अर्थ कुणालाच माहीत नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण देवाकडे काय मागतोय, हे आपल्यालाच ठाऊक नाही. भाकर मिळत होती, हे खरं. पण ते नियमाला धरून नव्हतं.

ताबडतोब 'कठीण शब्द निवारण समिती' स्थापन झाली. सदस्य तीन. स्वतः उस्ताद नकूला. त्यांचं मत, शब्दाचा अर्थ 'पुरेशी'. जेवढी लागते तेवढीच, जेवणानंतर. दुसरे, दातांचे डॉक्टर इलियास. हे अथेन्सला शिकले. त्यांचं मत 'उद्याची'. (त्यांच्या दवाखान्यात कुठलाही दात आज निघत नाही.) तिसरे आमचे पाद्री, अबूना गत्तास. त्यांचं मत जुन्या शब्दाला धरून, 'सत्त्वाची'. कारण त्यांच्या गुरूंनी तसंच सांगितलं होतं, आणि गुरू आता वारल्यामुळे त्यांचं मत बदलायची शक्यता नव्हती.

पहिल्याच बैठकीत दोन ठराव एकमताने झाले. (पुढे बराच काळ एकमताने झालेले ठराव एवढेच.) एक, एकमत झाल्याशिवाय निकाल नाही. दोन, निकाल लागेपर्यंत सदर शब्दाची जागा मोकळी ठेवावी.

तेव्हापासून रविवारी चर्चमध्ये सगळं गाव "आमची" म्हणतं, मग गप्प होतं, मग "भाकर" म्हणतं. सुरुवातीला हा थांबा एका श्वासाएवढा होता. पुढे लोकांनी त्याचा उपयोग सुरू केला. म्हाताऱ्या जुना शब्द ओठातल्या ओठात म्हणून घ्यायच्या. माझा मित्र बासिल "चीजवाली" म्हणायचा. मागच्या बाकावरचे बाप्ये खोकणं, मेसेज बघणं वगैरे उरकून घ्यायचे. चर्चमधली हजेरी वाढली, हे समितीने आपल्या अहवालात नोंदवलंय.

त्याच अहवालातले आकडे: शब्द विचारात घेतले, बारा. सुटले, शून्य. आधी सोपे होते पण आता कठीण झाले, नऊ. (मी दहावीत शाळा सोडली. तिथेही हेच प्रमाण होतं.)

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मग माझी बहीण नजवा लग्नाला उभी राहिली.

लग्नाच्या विधीत हीच प्रार्थना असते, आणि अबूना म्हणाले, मोकळ्या जागेवर लग्न लावता येणार नाही. अंत्यविधीला चालतं, तिथे गप्प राहणं शोभतं. लग्नात चालत नाही. नवऱ्याला वाटेल बायको रुसली.

"मग जुना शब्द म्हणा की, अबूना!" नजवा म्हणाली.

"तो विचाराधीन आहे, पोरी."

"मी पण विचाराधीनच आहे का?"

होती. एकदा तारीख ठरली, पुढे गेली. पुन्हा ठरली, पुन्हा गेली. नवरा मुलगा सुहैल कुवेतला लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची रजा संपत आलेली, आणि वर ईस्टरच्या आधीचे मोठे उपवास तोंडावर. उपवास लागले की सात आठवडे कुणाचंच लग्न नाही. म्हणजे येत्या रविवारी लग्न लागलं तर लागलं, नाहीतर सुहैल एकटा कुवेतला आणि नजवा पुढच्या रजेपर्यंत घरात. म्हणजे माझ्या डोक्यावर.

मी डॉक्टर इलियासना रस्त्यात गाठून विचारलं, "तुमचं 'उद्याची' सोडून द्यायला काय घ्याल?"

"शब्द असा सोडता येत नसतो, बाळा. शास्त्र आहे ते."

"माझी दाढ तुम्ही तीनदा उद्यावर टाकलीत, तेही शास्त्रच का?"

त्यांनी मला उद्या यायला सांगितलं.

शेवटी आमचे थोरले काका, सलामेकाका, उठले. काकांचा धंदा मेंढ्यांचा. ग्रीक सोडा, ते अरबीही गरजेपुरतंच बोलतात. ते म्हणाले, "जाहा नेऊ."

जाहा म्हणजे मानाची माणसं जमवून कुणाच्या दारी मागणं घेऊन जायचं. यजमान कॉफी देतो. पाहुणा कप समोर ठेवतो आणि प्यायचं नाव काढत नाही. मागणं मान्य झालं, की मग पितो. पाहुणा कॉफी न पिता उठला, तर त्या यजमानाने गाव सोडलेलं बरं. आमच्याकडे खून, जमिनी, सोयरिकी सगळं याच कपावर मिटलंय. ग्रीक शब्द प्रथमच जात होता.

शुक्रवारी आम्ही नऊ बाप्ये, कडक इस्त्री करून, उस्ताद नकूलांच्या बैठकीत शिरलो. समिती तिथेच बसलेली. कॉफी आली. काकांनी कप टेबलावर ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला.

आता, समिती विद्वान होती, हे मान्य. पण विद्वान ती ग्रीसला जाऊन किंवा गुरू करून झाली. इथली ती जन्मापासून होती. समोर न प्यालेला कप दिसला, आणि उस्ताद नकूलांच्या तोंडून आपोआपच निघालं, "प्या हो कॉफी, सलामेभाऊ! ज्यासाठी आलात ते दिलं!"

"डॉक्टर?" काका म्हणाले.

"दिलं, दिलं! तोंडाला लावा!"

"अबूना?"

"दिलं रे बाबा. थंड होतेय."

काका एका घोटात प्याले. कप उपडा ठेवला. "रविवारी पोरीचं लग्न. आम्हाला शब्द द्या."

मागणं न ऐकताच मान्य करायची चूक जगातली कुठलीच समिती करणार नाही. आमची करते, कारण आमच्यात रीत आहे. पण दिलं म्हणजे दिलं. आता हट्ट धरून बसणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. तेव्हा उस्ताद नकूला छातीवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तुमचाच शब्द घ्या. 'उद्याची'."

"छे छे, देवाशपथ! अबूना असताना माझा कुठला? 'सत्त्वाची'च."

"नाही हो," अबूना म्हणाले, "उस्तादांनी एवढी मेहनत घेतली. 'पुरेशी' घ्या. माझ्या गळ्याची आण."

"मग मी उठतो बघा!"

"बसा, नाहीतर मी उठतो!"

हॉटेलात बिलावरून भांडतात तसं सुरू झालं. मतमोजणी: काकांनी कॉफी पिण्यापूर्वी, तिन्ही शब्दांना एकेक मत. प्यायल्यानंतर, तिन्ही शब्दांना एकेक मत. फक्त मतं मोठ्या मनाची झाली होती.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काका फोन नेहमी स्पीकरवर घेतात, कारण दुसरं बटण त्यांना माहीत नाही.

"काका, दिला का शब्द?" नजवाचा आवाज.

"तीन दिले, पोरी."

पलीकडून ती अशी कडाडली, की उस्तादांची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "मग ग्रीकमध्येच म्हणा तो मेला शब्द! कुणाला कळायला हवाय? मी लग्न करतेय, परीक्षा देत नाहीये!"

समितीने एकमेकांकडे पाहिलं. हा पर्याय शास्त्रशुद्ध होता. अर्थच नसल्यामुळे कुणाचा अर्थ हरत नव्हता. ठराव क्रमांक तीन: कठीण शब्दाचं सर्वात अचूक भाषांतर म्हणजे तो शब्द. एकमताने मंजूर.

रविवारी लग्न लागलं. अबूनांनी "आमची एपिऊसिओस भाकर" असं खणखणीत म्हटलं, मागून अख्ख्या गावाने म्हटलं, आणि असा भाव मी चर्चमध्ये कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्या हुंदके देऊन रडल्या. बासिलनेसुद्धा चीज काढलं नाही. नजवाने सुहैलचा हात असा धरला होता, की लिफ्टमध्ये अडकलेला माणूसही धरणार नाही. मंगळवारी दोघं कुवेतला गेली. मला खोली मिळाली.

समितीने आता 'आमेन' हा शब्द विचारात घेतलाय. त्याची जागा तूर्त मोकळी आहे. त्यामुळे आमच्या प्रार्थना सध्या सुरू होतात, पण संपत नाहीत.

हसलात ना? हसा. आता जरा आठवून सांगा, तुमचं लग्न लागताना पुढे बसलेला माणूस काय काय म्हणत होता? सगळं नको, एका शब्दाचा अर्थ सांगा. आठवत नाही? मग बायकोला विचारा. तीही तिथेच होती, आणि तिनेही मान डोलावली होती. अर्थ कळेपर्यंत थांबला असतात, तर आज शेजारी बसून हे वाचायला दोघंही नसतात.