सदाफुलीला पाणी लागत नाही

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याला शोभेल अशी बाग फक्त मीच करू शकतो, असं मी भर कचेरीत सांगून टाकलं!

"निवृत्तीराव, असल्या दुष्काळात बाग?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सदाफुली लावतो, साहेब! बारा महिने हिरवी, बारा महिने फुलं. जमिनीवर सतरंजीसारखी पसरते. अन् पाणी? नावालाही लागत नाही!"

रोपं लावली. तिसऱ्या दिवशी ती पंगत उठल्यावरच्या वऱ्हाड्यांसारखी आडवी! मूळ धरेपर्यंत सदाफुलीलाही पाणी लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय झालं हो हिला?" आमचा म्हातारा शिपाई गुरुपादप्पा.

"आराम करतेय."

खेड्यांवरून अर्ज घेऊन येणाऱ्यांसाठी व्हरांड्यात प्यायच्या पाण्याचा रांजण असे. टँकरनं भरायचा. मी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यातले दोन तांबे रोपांना घालू लागलो. दोनाचे दहा झाले, मग बादलीच! दुपारपर्यंत रांजण कोरडा ठणठणीत.

"गळतोय वाटतं," मी म्हणायचो. बिचाऱ्या गुरुपादप्पानं त्याला दोनदा सिमेंट थापलं!

तीन महिन्यांत अंगण हिरवंगार, वर गुलाबी-पांढरी फुलं. साहेबांनी पाठ थोपटली. फुलांपेक्षा मीच जास्त फुललो!

मग शिरूर अनंतपाळकडच्या सरजाबाई गावासाठी टँकरचा अर्ज घेऊन आल्या. दारातच थबकल्या.

"आमच्याकडं गवताची काडी न्हाई, अन् हितं एवढं हिरवं? खाली पाणी हाय साहेब!"

"नाही हो मावशी, ही सदाफुली. हिला पाणी लागतच नाही."

"तान्हेलं मानूस हासत न्हाई, फूल कसं हासंल?"

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. सोबत वीस बाया, चार पहारी आणि जमिनीखालचं पाणी शोधून देणारा लिंबाजी पाणाड्या! लिंबाजी तळहातावर नारळ ठेवून अंगणभर फिरला. सदाफुलीपाशी आला आणि नारळ ताडकन उभा!

बायांनी गलका केला. साहेब धावत बाहेर आले. कचेरीला विहीर लागणार म्हणून तेही हरखले. "खणा!"

"साहेब, नको!"

"का?"

मी कारण शोधेपर्यंत सदाफुली मुळासकट उपटली गेली. खाली हातभर चिखल. त्याखाली मुरूम, पापडासारखा कोरडा.

सरजाबाईंनी माती मुठीत दाबून पाहिली. "वरनं वल्लं, खालनं कोरडं. हे जमिनीचं पाणी न्हाई. कुणीतरी वतलंय."

गुरुपादप्पानं रांजणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "असा गळत होता व्हय..."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! बायांनी पहारी उचलून बाजूला ठेवल्या.

"मीच... तुमच्या प्यायच्या..." घशाला कोरड पडलेली.

सरजाबाईंनी पिशवीतून गावाहून भरून आणलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला. "घ्या. दोन घोट घ्या आधी, मग बोला."

नको म्हणायला हवं होतं, हे मला आज लिहिताना कळतंय. तेव्हा मी अख्खा तांब्या संपवला!