तंतोतंत सरांचा ळ

यंदा उपमुख्याध्यापकाची खुर्ची आपलीच, असं तंतोतंत सरांनी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, त्या खुर्चीसाठी बायकोकडून मखमली उशीही शिवून घेतली होती!

जादूच्या त्या शाळेत दिवे पेटवण्याचा विषय सरांकडे होता. विझलेल्या दिव्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘जळ’. मुलांच्या दिव्यातून फार तर धूर निघे. सरांचा दिवा मात्र असा भडके, की वर्गाचं छत काळंकुट्ट झालं होतं. सरांच्या मते ही सगळी करामत त्यांच्या ळची होती. जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, मग सोडा, असं ते इतकं घोटून घेत, की डबा खाताना मुलांच्या जिभा दुखत.

आणि शेजारच्या वर्गात चालेल बाई! वस्तूंना बोलतं करणं हा त्यांचा विषय. त्यांना स्वतःचेच मंत्र आठवत नसत. ‘ये ना रे जरा’ म्हणाल्या, की खडू, डस्टर, खुर्च्या लाडात धावत येत. मुलं उशिरा आली, चालेल. मंत्र उलटा म्हटला, तरी चालेल. आणि घंटा झाली तरी मुलं त्यांच्या वर्गातून हलायला तयार नसत. सरांच्या अंगाचा तिळपापड होई. मधल्या सुट्टीत चहाचे कप बाईंच्या कानाशी लागून कुजबुजत. सरांच्या वाट्याला कान तुटलेला कप येई, आणि तोही तोंड फिरवून बसे. तिथून सर तरातरा वर्गात जात. मग दिवा भडकलाच म्हणून समजा.

घरीही तोच विषय. शेवटी बायको म्हणाली, “अहो, निदान जेवताना तरी त्या बाईंना बाहेर बसवा.”

आणि एक दिवस मुख्याध्यापिकांनी बोलावून सरांना खुर्ची देऊन टाकली. वर सांगितलं, की नाव चालेल बाईंनीच सुचवलं. सरांसारखं काम आपल्याला सात जन्मांत जमणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. सर विरघळलेच. किती गुणी बाई, आणि आपण काय काय समजत होतो! त्या दिवशी जेवताना सरांनी बाईंचं नावही काढलं नाही. बायकोने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी समारंभ होता. सभागृहाचे पडदे ओढून अंधार केला. व्यासपीठावर उशीसकट खुर्ची, तिच्या शेजारी मुख्याध्यापिका, वर टांगलेला भला मोठा दिवा. सर पुढे झाले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “जळ.”

मुख्याध्यापिकांच्या नाकावर टपकन पाण्याचा थेंब पडला.

ळ कमी पडला असणार! सरांनी जीभ आणखी मागे वळवली. आता धार लागली. तिसऱ्या वेळी बादली उपडी व्हावी तसा दिवा रिकामा झाला. घाबरून सरांनी भिंतीवरच्या दिव्यांनाही हुकूम सोडला, तर तेही नळासारखे वाहू लागले. मुलं बाकांवर चढून टाळ्या वाजवू लागली. नवी उशी तरंगत दाराकडे निघाली, आणि मागोमाग खुर्चीही जाणार, हे मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर सरांना स्पष्ट दिसलं.

चपला हातात घेऊन चालेल बाई पाण्यातून आल्या.

“सर, तुमचा ळ छानच आहे हो,” त्या हळूच म्हणाल्या. “पण दिवा ळवर जळत नव्हता.”

“मग कशावर?”

“माझ्यावर. रोज माझ्यावर जळत वर्गात जायचात, म्हणून ‘जळ’ म्हटलं की दिवा पेटायचा. आता तुमच्या आतला विस्तव विझला. मग त्या शब्दाचा अर्थ पाणीच उरला ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कपांनी.”

सरांना घोटाभर पाण्यातच बुडून जावंसं वाटलं. आता काय करू, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं. बाईंनी क्षणभर विचार केला.

“सांगणार नव्हते खरं तर. ती खुर्ची आधी मलाच देत होते. मला नको होती, म्हणून तुमच्याकडे आली.”

सरांचे कान लाल झाले. रागाने जीभ टाळूपर्यंत पोचलीच नाही, तोंडातून ‘जल’ असं काहीतरी बोबडं निघालं. आणि सभागृहातले सगळे दिवे एकदम भडकले! जमिनीवरच्या पाण्याची वाफ झाली, मुख्याध्यापिकांचे केस वाळून उभे राहिले. खुर्ची वाचली.

तेव्हापासून तासाला जाण्याआधी सर बाईंच्या दारात थांबतात. “काय बाई, आज काय विशेष?” बाईही न चुकता आपलं काहीतरी कौतुक ऐकवतात, आणि सर धुमसत दिवे पेटवायला जातात.

खुर्चीची गोष्ट खरी होती की बाईंनी तिथल्या तिथे रचली, हे मात्र सरांनी आजवर विचारलेलं नाही. खोटी निघाली, तर दुसऱ्या दिवशी मुलांना छत्र्या आणायला सांगाव्या लागतील.