तुमच्या पुढे उणे दोन

कामाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारा नाही. म्हणूनच डोळ्यांच्या दवाखान्यातला तो मंद आकडा मी हां हां म्हणता पळता करून दाखवला. दवाखान्याचे संगणक मी सांभाळतो. बाहेरच्या हॉलमध्ये एक स्क्रीन आहे. आपला नंबर टाकला की ऑपरेशनसाठी आपल्या पुढे किती जण आहेत ते कळतं. पण त्यासाठी संगणक बिचारा लाखो नोंदी पहिल्यापासून मोजत बसायचा. लोक उभ्या उभ्या डुलक्या काढायचे, आकडा काही यायचा नाही.

मी म्हटलं, दरवेळी मोजायचंच कशाला? प्रत्येकाच्या नावाशी एक तयार आकडा ठेवून दिला. एक ऑपरेशन झालं की मागच्या सगळ्यांचा एक कमी. बटण दाबायचा अवकाश, आकडा हजर! मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. त्या दिवशी मी बायकोसमोर जरा जास्तच ताठ बसलो.

त्याच यादीत माझे सासरे होते. त्यांना दिसेनासं झालं आणि मग आमची मुलगी जन्मली. नातीचा चेहरा त्यांनी आजवर बोटांनीच पाहिला होता. ते रोज विचारायचे, मी रोज आकडा सांगायचो, आणि तो भराभर उतरत होता. शून्य झाला त्या सकाळी ते दाढी करून, उपाशीपोटी, पिशवी भरून तयार बसले.

आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सकाळची ऑपरेशनं सुरू झाली होती. काउंटरवरच्या सिस्टर म्हणाल्या, यांच्या पुढे अजून पुष्कळ जण आहेत. मी हसून स्क्रीनवर नंबर टाकला आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "तुमच्या पुढे उणे दोन."

सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे माझं ऑपरेशन होऊन गेलं का?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. यादीत माणसाचं नाव एकदाच, पण डोळे दोन, म्हणून ऑपरेशनंही दोन. दोन्ही डोळे झालेला प्रत्येक माणूस मी दोनदा वजा केला होता!

घरी परतल्यावर ते नातीला मांडीवर घेऊन तिच्या कपाळावरून बोट फिरवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुनी मोजणी मी पुन्हा सुरू केली. पुढच्या खेपेला आम्ही दोघं हॉलमध्ये बराच वेळ बसून होतो. अखेर आकडा आला. मी घसा खाकरून तो वाचला.

"बरं," सासरे म्हणाले. "जावईबापू, आता एकदा सिस्टरांना वाचायला सांगा."