बाईंची बुरशी

"आई, चपलांच्या कपाटात एक डबा होता. निळ्या झाकणाचा."

"होता."

"कुठे गेला?"

"घासून उपडा घातलाय. आत काय होतं ते मात्र जेवण होईपर्यंत विचारू नकोस."

बाई तिथेच चपलांच्या ढिगात मटकन बसल्या. आत काय होतं ते त्यांना विचारायची गरजच नव्हती. आत पाव होता, आणि पावावर त्यांनी दोन आठवडे पोटच्या पोरासारखी वाढवलेली बुरशी होती. आधी पांढरी, मग हिरवी, मग वर काळे ठिपके. रोज शाळेतून आल्या की बाई तिच्यावर चमच्याने पाणी शिंपडत. मध्ये तिची वाढ खुंटली, तेव्हा सासूबाईंच्या बरणीतला संत्र्याचा जॅमही त्यांनी तिला लाडाने चारला होता. ही सगळी माया सासूबाईंनी भांडी घासायच्या काथ्याने खरवडून काढली होती.

"आई, उद्या तपासणी आहे. माझी नोकरी त्या डब्यात होती."

"मग नोकरीला वास येईपर्यंत कपाटात कशाला ठेवायची?"

बाई जीवशास्त्र शिकवायच्या, पण तात्पुरत्या. गेल्या वर्षी तपासनीस आले आणि 'पाठ कोरडा, वर्गात निसर्ग दिसला नाही' असा शेरा मारून गेले. त्या आधीच्या वर्षीही थोडक्यात हुकलं होतं. या खेपेला पाठ रंगला तर नोकरी कायम, नाही तर सुट्टीनंतर यायचं कारण नाही, असं मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून तर बाईंनी निसर्ग घरी आणून चपलांशेजारी ठेवला होता.

"एवढंच ना?" बाईंचा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "बुरशी काय, कुठेही मिळेल."

बाईंना हे पटलं, हीच चूक झाली. त्या तडक शेजारच्या काकूंकडे गेल्या.

"काकू, तुमच्याकडे एखादा बुरशी आलेला पाव असेल का?"

काकू दारातच ताठ झाल्या. "सासूने पाठवलं का तुला?"

"नाही हो, शाळेसाठी हवाय."

"आणि अख्ख्या इमारतीत तुला माझंच घर आठवलं?"

काकूंनी बाईंचा दंड धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं, फ्रिज उघडला आणि एकेक भांडं नाकाशी धरून हुंगायला लावलं. दूध, भाजी, परवाचा भात, सगळं झालं. "ताजं आहे ना? आता घरी जाऊन तसंच सांग," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

बेकरीवाल्याकडे तर आणखी गंमत झाली. "मला शिळाच पाव द्या, जितका खराब तितका बरा, पैसे पूर्ण देते," असं बाई म्हणाल्या, तसा त्याचा चेहरा पडला. त्याने गल्ल्यावरून उठून हळूच विचारलं, "मॅडम, कुठल्या खात्याकडून आलात?" बाईंनी शाळेचं नाव सांगितलं, पण त्याचा विश्वास बसेना. शेवटी त्याने भट्टीतून नुकताच निघालेला पाव त्यांच्या पिशवीत कोंबला, पैसे घेतले नाहीत आणि खात्यातल्या साहेबांना नमस्कार सांगायला सांगितलं.

गरम पाव छातीशी धरून बाई घरी आल्या आणि त्यांनी शेवटचा उपाय केला. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'उद्या प्रत्येकाने घरातला बुरशी आलेला एक पदार्थ बंद डब्यात आणावा.'

पहिलं उत्तर लगेच आलं. 'आमच्या घरी असं काही नसतं.' दुसरं आलं, 'आमच्याकडेही नसतं.' तिसरीने लिहिलं, 'आमच्याकडे तर कधीच नव्हतं.' मग एका आईने स्वतःच्या चकचकीत फ्रिजचा फोटो टाकला आणि बघता बघता ग्रुपवर फ्रिजचं प्रदर्शन भरलं. दोन आयांचं भाजीच्या कप्प्यावरून वाजलंसुद्धा. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला.

"बाई, तुम्ही पालकांच्या घरात घाण शोधताय म्हणे."

"घाण नाही सर, बुरशी. फक्त उद्यापुरती."

"मला फोनवर फोन येतायत. हा नाद सोडा. सरळ फळ्यावर चित्र काढा."

"सर, गेल्या वर्षी चित्रच काढलं होतं."

"मग यंदा रंगीत काढा," ते म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला आणि आपल्याच घरातला फ्रिज रिकामा करायला घेतला. लिंबं कडक, टोमॅटो टवटवीत, पावाचा एक तुकडाही ओलसर नाही. "या घरात काही सडत कसं नाही?" त्या वैतागून ओरडल्या.

"मी आहे तोवर सडणार नाही," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

मग मात्र बाईंना रडू आलं. फ्रिजचं दार उघडं टाकून त्या तिथेच रडल्या. "दोन वर्षं झाली, आई. दर वेळी हातातोंडाशी येतं आणि जातं. मला मनापासून आवडतं हो शिकवायला. पण आता पुन्हा नाही घेणार ते."

सासूबाईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, बरण्यांच्या फळीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मिटलं. मग फ्रिजचं दार लावून त्या झोपायला गेल्या.

सकाळी नवऱ्याने तो फुकटचा पाव कापला आणि विचारलं, "आई, जॅम कुठंय?"

"संपला."

"मागच्या आठवड्यात तर बरणी अर्धी होती."

"संपला म्हटलं ना. कोरडा खा."

बाईंनी काहीच खाल्लं नाही. रंगीत खडू पर्समध्ये टाकून त्या शाळेत गेल्या.

वर्गात तपासनीस साहेब मागच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक घाम पुसत होते. "डबे काढा," बाई म्हणाल्या, कारण आशा वेडी असते. डबे उघडले. कापलेली फळं, भाजलेले शेंगदाणे, चौकोनी चौकोनी सँडविचेस. आदल्या दिवशी रुसलेल्या सगळ्या आयांनी जीव तोडून ताजे डबे भरले होते. वर्गात सगळे जिला 'वकील' म्हणत ती मुलगी उठून म्हणाली, "बाई, आईने सांगितलंय, बुरशी हवी असेल तर शाळेच्या पाण्याच्या टाकीत बघा." मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने तोवर आपला नमुना खाऊन टाकला होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बाई खडू घेऊन फळ्याकडे वळल्या आणि दारात सासूबाई दिसल्या. काखेत काही तरी गुंडाळलेलं होतं. वर टॉवेल, टॉवेलवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर वर्तमानपत्र.

"हे घे," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "माझं नाही हे. वाटेत एका बाईने दिलं."

आतून बरणी निघाली. अर्धी बरणी जॅम आणि त्यावर गालिचा अंथरावा तशी जाड बुरशी. पांढरी, हिरवी, काळ्या ठिपक्यांची. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्ग उठून टेबलाभोवती गोळा झाला, भिंगांसाठी ढकलाढकली झाली. ठिपके म्हणजे काय, ते हवेतून कसे येतात, वास कशाचा, प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. बाई सांगत होत्या आणि पोरं ऐकत होती. साहेब स्वतः भिंग घेऊन वाकले.

"वा. पण मुलांनो, ही याच बरणीत का आली असेल?"

"बरणी नीट धुतली नसेल," वकील म्हणाली.

सासूबाईंनी पदर खोचला.

"घरात स्वच्छता नसेल," दुसरा एक जण म्हणाला.

"शक्य आहे," साहेब म्हणाले. "किंवा करणारीने साखरेत काटकसर केली असेल."

"काटकसर?" सासूबाई ताडकन पुढे आल्या. "फळाइतकी साखर आहे त्यात, मोजून. बरणी उकळत्या पाण्यातून काढलीय आणि दिवसभर उन्हात वाळवलीय. उगाच काही तरी बोलू नका. कोणी तरी ओला चमचा घातलाय त्यात."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "आजी, हे तुम्हाला वाटेत कोणी तरी दिलं होतं ना? मग एवढं खात्रीने कसं सांगता?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग बरणीकडे पाहिलं. "कारण तो ओला चमचा घालणारा माझ्याच घरात राहतो," त्या म्हणाल्या.

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. साहेबही पोट धरून हसले आणि 'ओलाव्यामुळे बुरशी' यावर पुढची दहा मिनिटं त्यांनी स्वतःच पोरांना प्रश्न विचारले. जाताना शेरा लिहिला: 'पाठ जिवंत. कुटुंबाचा सहभाग उल्लेखनीय.' मुख्याध्यापकांनी बाईंची नोकरी कायम झाल्याचं दुपारीच सांगून टाकलं, आणि टाकी धुवायला माणूस पाठवला.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"वाढवलं, शिकवलं, आणि ओला चमचा बरणीत घालतोस? भर वर्गात माझी लाज गेली."

"मी? अगं आई, मी सुरीने घेतो."

"खोटं बोलू नकोस. घरात दुसरं आहे कोण?"

त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. बाईंना तो चमचा चांगलाच आठवत होता. डब्यात पाणी शिंपडायचं, आणि मग त्याच चमच्याने बरणीतला जॅम घ्यायचा. शाळेतली नोकरी आजच कायम झाली होती, घरातली घालवायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

"जाऊ द्या आई," बाई म्हणाल्या आणि चहाचा चमचा कोरड्या फडक्याने दोनदा पुसून नवऱ्याच्या हातात दिला. "चुकतो माणूस. शिकेल हळूहळू."